साठवणीचीं साधनें : खरीं आणि खोटीं

बाजारांत जिन्नस घेतांना फसगत होऊं नये म्हणून आपल्या घरांतील वडील मंडळींनीं कांहीं साध्या कसोट्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेविल्या आहेत. सोनें सराफाच्या दगडावर घासून पाहावें, केशराची काडी पाण्यांत सोडून रंग कसा उतरतो तें पाहावें, आणि नवा माठ घरीं आणिल्यावर रात्रभर भरून ठेवून सकाळीं त्याच्या बुडाशीं पाण्याचें थारोळें तर नाहीं ना, हें पाहावें. ह्या कसोट्यांस मोठें शास्त्र लागत नाहीं. घरांतील कोणीहि त्या करूं शकतें. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक असा जिन्नस आपल्या घरांत शिरला आहे कीं, त्याची परीक्षा आजीबाईंस ठाऊक नाहीं. आणि चिरंजीवांस ती ठाऊक असावी अशी सर्वांची समजूत असली, तरी बहुधा त्यांसहि ती ठाऊक नसते. हा जिन्नस म्हणजे पेनड्राइव्ह, मोबाइलांत घालावयाचें मेमरी कार्ड, आणि लॅपटॉपच्या पोटांत बसविण्याची किंवा त्यास बाहेरून जोडावयाची एसएसडी. हीं साधनें माफक किंमतींत कशीं घ्यावींत, आणि त्यांत मिसळलेला खोटा माल कसा ओळखावा, ह्याविषयीं चार उपयुक्त गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय दिसण्यांत रुक्ष आहे. परंतु त्यांत जें पणास लागलेलें असतें तें रुक्ष नाहीं. २००५ सालच्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका अहोरात्रांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि आमच्या उपनगरांतील असंख्य तळमजल्यांत पाणी शिरलें. भांडीं धुवून निघालीं, गाद्या नव्या करतां आल्या. पण भिजून एकमेकांस चिकटलेलीं छायाचित्रें कोणास सोडवितां आलीं नाहींत. ज्या घरांनीं तो दिवस पाहिला, त्यांस कागदाचा भरवसा किती धरावा हें निराळें सांगावयास नको. आज घरोघरच्या आठवणी कागदावरून उठून ह्या बोटभर साधनांत येऊन बसल्या आहेत. मुंजीचीं व लग्नांचीं छायाचित्रें, घराच्या कराराच्या प्रती, आजोबांनीं स्वहस्तें लिहिलेल्या वंशावळीची छबी, सारें तेथेंच असतें. तेव्हां तें साधन खरें आहे कीं खोटें, हा प्रश्न केवळ दोन-चार हजार रुपयांचा राहात नाहीं.

समजा, बोरिवलीच्या एका एकत्र कुटुंबांतील धाकट्या चिरंजीवांनीं 'दोन टीबीची एसएसडी' म्हणून एक चकचकीत डबी अगदीं थोड्या किंमतींत आणिली. घरांतील सर्वांच्या मोबाइलांतील छायाचित्रें, काकांनीं घेतलेल्या लग्नाच्या चित्रफिती, आजीच्या आवाजांतील ओव्या, सारें त्या डबींत उतरविलें. लॅपटॉपनें एकहि तक्रार केली नाहीं. प्रत्येक फाइल पोंचल्याची खूण दाखविली. जागा व्हावी म्हणून मोबाइलांतील मूळ प्रती पुसून टाकल्या. सहा महिन्यांनीं कांहीं निमित्तानें डबी उघडली, तों फाइलींचीं नांवें जागच्या जागीं, आणि आंत मात्र कांहीं नाहीं! पैसे गेले असते तर ते पुन्हां मिळवितां आले असते. येथें गेला तो आजीचा आवाज. खोट्या साधनापासून होणारी हानि त्याच्या किंमतीइतकी नसून त्यांत ठेविलेल्या ऐवजाइतकी असते, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

कोठार आणि कारकून

असें होतें कसें? त्याकरितां हें साधन आंतून कसें असतें तें पाहूं. जुन्या हार्ड डिस्कमध्यें एक तबकडी गरगर फिरत असते व तिच्यावर चुंबकाच्या साहाय्यानें मजकूर लिहिला जातो. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी ह्यांत फिरणारें असें कांहींच नसतें. जपानांतील तोशिबा कंपनीचे संशोधक फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं 'फ्लॅश' ह्या नांवाच्या स्मृतीची कल्पना जगापुढें मांडली, आणि १९८७ सालीं तिचा 'नँड' हा प्रकार पुढें आला. ह्या प्रकारांत अतिसूक्ष्म कोठड्यांमध्यें विजेचा भार कोंडून ठेवितात. वीज बंद केली तरी तो भार टिकतो, म्हणून मजकूरहि टिकतो. आजचीं हीं सर्व साधनें मुख्यत्वें ह्याच प्रकारावर उभीं आहेत. फिरणारा भाग नसल्यामुळें तीं शीघ्र चालतात, आवाज करीत नाहींत, आणि हातून पडल्यास हार्ड डिस्कइतकी त्यांस इजा होत नाहीं.

परंतु अशा प्रत्येक साधनांत दोन पात्रें असतात. एक कोठार, म्हणजे ती स्मृति; आणि दुसरा त्या कोठाराचा कारकून, म्हणजे नियंत्रण करणारी लहानशी चिप. लॅपटॉप कोठाराशीं कधींच समक्ष बोलत नाहीं. तो कारकुनास विचारतो, "जागा किती आहे?" आणि कारकून सांगेल तो आंकडा मुकाट्यानें खरा मानतो. लबाडीचें सारें मूळ येथें आहे. बनावट माल करणारा मनुष्य ३२ जीबीच्या कोठारावर असा कारकून बसवितो, कीं तो जगास "दोन टीबी" म्हणून सांगतो. ३२ जीबीपर्यंत सर्व व्यवहार सरळ चालतो. त्यापुढें कांहीं साधनांत नवा मजकूर जुन्यावरच लिहिला जातो, तर कांहींत तो कोठेंच न लिहितां फेंकून दिला जातो. आणि दोन्ही प्रसंगीं कारकून "पोंचलें" म्हणून पावती देतो. डिसेंबर २०१३ मध्यें जर्मनींतील हॅम्बुर्ग येथें संगणकतज्ज्ञांच्या मेळाव्यांत अँड्र्यू हुआंग व शॉन क्रॉस ह्या दोघांनीं, कांहीं मेमरी कार्डांतील ह्या चिपेस बाहेरून नवे हुकूम पढवून तिचें वर्तन बदलतां येतें, हें प्रयोगानें दाखविलें होतें. नखाएवढ्या कार्डांतहि एक स्वतंत्र संगणकच असतो, आणि तो ज्याच्या हातीं असेल त्याच्या सांगण्याप्रमाणें बोलतो, हा त्याचा इत्यर्थ.

म्हणून लॅपटॉपच्या पडद्यावर 'दोन टीबी' दिसलें, एवढ्यावर विसंबून राहूं नये. तो आंकडा त्याच कारकुनानें सांगितलेला असतो. चोराचीच साक्ष काढण्यासारखें तें आहे.

येथें एका गैरसमजाचें निरसन करणें अवश्य आहे. एक टीबीचें साधन विंडोजवर चालणाऱ्या लॅपटॉपला जोडलें असतां त्यावर सुमारें ९३१ जीबी एवढीच जागा दिसते. ५०० जीबीच्या साधनावर सुमारें ४६५ दिसते. ही फसवणूक नव्हे. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीनें मोजतें, एवढाच तो मापाचा फरक आहे. ह्या कारणावरून दुकानदाराशीं भांडण्यास जाऊं नये.

आकाराच्या खोटेपणाखेरीज दुसरा प्रकार नांवाच्या खोटेपणाचा. प्रसिद्ध कंपनीचें नांव व वेष्टन हुबेहूब छापून आंत हलका माल घालतात. कधीं कधीं नक्कल करणाऱ्यांची मजल त्याहि पुढें जाते. सॅमसंग कंपनीच्या '९८० प्रो' व '९९० प्रो' ह्या एसएसडी प्रसिद्ध आहेत; पण २०२३ सालीं '१०८० प्रो' अशा नांवाची चार टीबीची एसएसडी सॅमसंगच्या नांवावर विक्रीस आलेली आढळली. त्या वेळीं असें साधन सॅमसंगनें काढलेलेंच नव्हतें! तिसरा प्रकार जुन्याचें नवें करण्याचा: झिजलेली एसएसडी पुसून, नवें लेबल लावून, कोरी म्हणून विकणें. आणि बाहेरून जोडावयाच्या डब्यांत तर असेंहि उघडकीस आलें आहे, कीं धातूच्या ऐटबाज डबीच्या आंत एक मेमरी कार्ड गोंदानें चिकटविलेलें, आणि हातास भार लागावा म्हणून शेजारीं एक लोखंडाचा तुकडा.

स्वस्ताईची मर्यादा

स्वस्त घेणें हा दोष नव्हे. काटकसर हा गृहस्थाश्रमाचा अलंकारच आहे. प्रश्न एवढाच, कीं कोणती स्वस्ताई खरी असूं शकते? ह्या स्मृतीचा भाव सर्व जगाच्या बाजाराबरोबर चढतो-उतरतो. २०२३ सालीं तो पुष्कळ उतरला होता. २०२५ च्या अखेरीपासून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारभाराकरितां उभारलेल्या प्रचंड संगणककेंद्रांची मागणी वाढल्यामुळें, तो वर चढला. कोणा एका दुकानदारास जगाच्या भावाच्या निम्म्यानें माल मिळत नसतो. आणि भाव चढले असतां जो पूर्वींहून स्वस्त देऊं करितो, त्याच्याकडे दुप्पट बारकाईनें पाहावें. आमचा साधा नियम असा: ज्या मापाचें साधन हवें असेल, त्या मापाच्या तीन नांवाजलेल्या कंपन्यांचे भाव प्रथम लिहून काढावेत. कोणी त्यांतील सर्वांत कमी भावाहून शेंकडा दहा-पंधरा कमी सांगितला, तर ती सूट असूं शकते. कोणी निम्म्याहून कमी सांगितला, तर तो माल हातांतहि घेऊं नये. '१६ टीबी' असें छापलेली खिशांत मावणारी एसएसडी हजार-दोन हजारांस मिळते, ह्यावर तर क्षणभरहि विश्वास ठेवूं नये.

खऱ्या काटकसरीचा मार्ग निराळाच आहे, आणि तो म्हणजे गरज मोजणें. एक छायाचित्र सरासरी चार मेगाबाइटचें धरिलें, तर २५६ जीबींत साठ हजारांहून अधिक छायाचित्रें मावतात. ज्या घरांत चित्रफितींचा फार मोठा साठा नाहीं, तेथें ५०० जीबी किंवा फार तर एक टीबी वर्षानुवर्षें पुरते. मोठ्या आंकड्याचा मोह सुटला कीं खोट्या मालाचा अर्धा बाजार तेथेंच बसला म्हणून समजावें.

गरज मोजल्यावर प्रकार निवडावा. घरांत हार्ड डिस्कवर चालणारा जुना लॅपटॉप असेल, आणि तो उघडण्यास चहा उकळून निवेपर्यंतचा वेळ घेत असेल, तर त्यांत अडीच इंची 'साटा' जातीची एसएसडी बसविली असतां नवा लॅपटॉप घेण्याचा खर्च पुष्कळदां कांहीं वर्षें पुढें ढकलतां येतो. ह्या जातीची गति सेकंदास सुमारें ५५० मेगाबाइटांपर्यंत असते, व जुन्या यंत्रास ती भरपूर होते. नव्या लॅपटॉपांत 'एम-टू' आकाराची पट्टी बसते. पण एकाच आकारांत साटा आणि 'एनव्हीएमई' अशा दोन जाती असतात, म्हणून आपल्या यंत्रास कोणती चालते हें त्याच्या माहितीपत्रकांत पाहूनच घ्यावी. केवळ छायाचित्रें कपाटांत ठेवून द्यावयाचीं असतील, तर फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क अजूनहि दर टीबीस स्वस्त पडते. तेथें एसएसडीचा हट्ट धरण्याचें कारण नाहीं. वॉरंटी तीन वर्षांची आहे कीं पांच वर्षांची, आणि कंपनी एकंदर किती टेराबाइट लिहिण्याची हमी देते, हे दोन आंकडे भावाबरोबर ताडून पाहावेत.

कोठून घ्यावें?

आमच्या उपनगरांत खरेदीचीं तीन ठिकाणें आहेत. पहिलें, स्थानकाबाहेरील पदपथ. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड, कोठेंहि उतरा. मोबाइलाचीं झांकणें, चार्जर आणि पेनड्राइव्ह हारीनें मांडलेले दिसतील. झांकण तेथें खुशाल घ्यावें. तें वाईट निघालें तर झांकणच वाईट निघेल. परंतु ज्याचें बिल नाहीं व ज्याचा विक्रेता उद्यां तेथें असेलच असें नाहीं, अशा ठिकाणाहून साठवणीचें साधन घेऊं नये.

दुसरें, दुकानें. ह्या व्यापाराचें मुंबईंतील माहेर म्हणजे ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडील लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ ह्या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नांवानें तो ओळखला जाई. त्याचें आजचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पश्चिम उपनगरांतील मंडळी तेथें थेट लोकलनें जातात. मुलुंड-घाटकोपरकडील मंडळींस दादरला गाडी बदलावी लागते. भाव करण्यास हें ठिकाण चांगलें, परंतु तेथेंहि नियम तोच: कंपनीचा अधिकृत विक्रेता कोण, हें निघण्यापूर्वीं कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून ठेवावें, आणि बिलाशिवाय स्वस्त देतों म्हणणाऱ्यास नमस्कार करून पुढें जावें. मालाच्या अनुक्रमांकासह घेतलेल्या पक्क्या बिलाकरितां शंभर-दोनशें रुपये अधिक पडले, तरी ते वायां जात नाहींत.

तिसरें, घरबसल्या मागविणें. येथें एक सूक्ष्म गोष्ट पुष्कळांच्या नजरेंतून सुटते. मोठ्या संकेतस्थळावर मांडलेली प्रत्येक वस्तु त्या संकेतस्थळाच्या मालकाची नसते. एकाच वस्तूचे अनेक विक्रेते असतात, आणि सर्वांत कमी भावाचा विक्रेता बहुधा कोणी अपरिचितच असतो. २०२० सालीं केंद्र सरकारनें केलेल्या ई-वाणिज्याच्या नियमांप्रमाणें विक्रेत्याचें नांव व पत्ता आणि मालाचा मूळ देश दाखविणें आवश्यक आहे. तें वाचावें, आणि कंपनीचा स्वतःचा किंवा तिनें नेमलेला विक्रेता निवडावा. लोकांचे अभिप्राय वाचतांना "वेळेवर आलें, छान आहे" ह्या स्तुतीस किंमत देऊं नये; घेतल्याच्या दिवशीं खोटी डबीहि छानच चालते. "भरल्यावर फाइली उघडत नाहींत" अशी एक जरी तक्रार दिसली तरी तिला शंभर स्तुतींहून अधिक वजन द्यावें.

माल हातीं आल्यावर वेष्टन उघडण्यापूर्वीं तें नीट पाहावें. परदेशांतून आलेल्या बंद वेष्टनावर आयात करणाराचें नांव व पत्ता, महिना व साल, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीचा पत्ता छापलेला असणें कायद्यानें आवश्यक आहे. यूएसबीनें बाहेरून जोडावयाची एसएसडी २५६ जीबीहून मोठी असेल, तर तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी-क्रमांकहि हवा. तो खरा आहे कीं नाहीं, हें ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ह्या मोबाइल-साधनावर घालून पाहतां येतें. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटीची मुदत दिसते कीं नाहीं, हेंहि ताडावें. वेष्टन उघडतांना एकानें मोबाइलवर त्याचें चित्रण करावें. पुढें वाद उत्पन्न झाल्यास तें कामास येतें.

माठ भरून पाहावा

हें सर्व केलें तरी छापील लेबलाची नक्कल होऊं शकते. न फसविणारी कसोटी एकच, आणि ती आपल्या माठाचीच आहे: साधन कांठोकांठ भरावें, आणि मग भरलेलें सर्व परत येतें कीं नाहीं तें पाहावें. कारकून खोटें बोलूं शकतो; पण नसलेल्या कोठारांतून धान्य काढून देऊं शकत नाहीं.

ह्याकरितां फुकट मिळणारीं साधनें आहेत. 'सीटी' ह्या जर्मन संगणक-नियतकालिकाकडून आलेलें 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' हें विंडोजवर चालतें. लिनक्स आणि मॅक ह्यांवर 'एफ-थ्री' नांवाचें चालतें. दोन्ही एकच काम करितात. रिकामी जागा ओळखीच्या मजकुरानें शेवटपर्यंत भरतात, मग तो मजकूर पुन्हां वाचून मूळाशीं ताडतात, आणि किती परत आला व किती बुडाला तें सांगतात. तीं मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावींत. तेवढी खटपट नको असेल, तर घरांतील मोठमोठ्या चित्रफितींच्या प्रती एकामागून एक त्या साधनांत, जागा संपेपर्यंत, घालाव्यात. मग तें काढून पुन्हां जोडावें, आणि पहिल्या, मधल्या व शेवटच्या अशा बऱ्याच फिती प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. नुसतीं नांवें दिसलीं म्हणजे मजकूर आहे, असें नव्हे.

वेळ किती लागेल? सेकंदास दहा मेगाबाइट ह्या मंद गतीचा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह भरण्यास पावणेदोन तास लागतात; सेकंदास ४०० मेगाबाइट घेणारी ५०० जीबीची खरी एसएसडी वीस-पंचवीस मिनिटांत भरते. उलट, 'दोन टीबीची एसएसडी' म्हणविणारी डबी सेकंदास वीसच मेगाबाइट घेऊं लागली, तर ती भरण्यास एका अहोरात्राहून अधिक वेळ लागेल. आणि ती एसएसडी नव्हे, ह्याची साक्ष तो संथपणाच देईल. लॅपटॉपच्या आंत बसविण्याची पट्टी असेल तर ती बाहेरच्या डबींत घालून आधीं तपासावी. तसेंच 'क्रिस्टल-डिस्क-इन्फो' ह्या फुकट साधनानें ती पूर्वीं किती तास चालली आहे तें पाहावें. कोऱ्या म्हणून घेतलेल्या पट्टीवर शेंकडों तास दिसले, तर ती कोरी नव्हे.

ही परीक्षा दोन पथ्यें पाळून करावी. एक, ती आणिल्या दिवशींच करावी. कारण परतीची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते, आणि खोटें साधन भरेपर्यंत निमूट राहतें, ह्यावरच विकणाराची सारी मदार असते. दुसरें, परीक्षा होईपर्यंत घरचा खरा ऐवज त्यांत मुळींच ठेवूं नये. एकदां त्यांत आधार कार्डाच्या व बँकेच्या कागदांच्या प्रती गेल्या, म्हणजे तें साधन खोटें निघालें तरी परक्याच्या हातीं परत देण्याची पंचाईत होते.

दाद कोठें मागावी?

परीक्षेंत साधन खोटें ठरलें, तर पुष्कळ घरांत "जाऊं द्या, शिकलों" म्हणून विषय संपवितात. सुशिक्षित माणसास आपण फसलों हें सांगण्याची लाज वाटते, आणि ह्या लाजेवरच खोट्या मालाचा व्यापार पोसला जातो. आमच्या मतें येथें लाज विकणारास वाटली पाहिजे. प्रथम विक्रेत्याकडे व संकेतस्थळाकडे लेखी तक्रार द्यावी, आणि तपासणीच्या निकालाचें चित्र सोबत जोडावें. ई-वाणिज्याच्या नियमांप्रमाणें संकेतस्थळाच्या तक्रार-अधिकाऱ्यानें ४८ तासांत पोंच देऊन एका महिन्याच्या आंत निवारण करावयाचें असतें. तेवढ्यानें न भागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याहूनहि पुढें जाणें झाल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे फिर्याद करतां येते. विक्रेता दिल्लीस असो वा सुरतेस, आपल्यास तिकडे धांवावें लागत नाहीं. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेस आहे. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस फिर्यादीची फी नाहीं, वकील केलाच पाहिजे असें नाहीं, आणि मुदत दोन वर्षांची आहे. खोटें ठरलेलें साधन निकाल लागेपर्यंत पुराव्याकरितां जपून ठेवावें. नंतर तें मोडून ई-कचऱ्यांत द्यावें. तें मोलकरणीच्या मुलास 'असूं दे कामाला' म्हणून देणें हें दान नव्हे. आपली फसवणूक आपल्याहून गरीबाच्या पदरांत घालणें आहे.

एकट्यानें करण्यापेक्षां हीं कामें चार घरांनीं मिळून केलीं तर अधिक सोपीं होतात. आमच्या मुंबईस ह्याचा धडा नवा नाहीं. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र खरीदण्याची व वांटून घेण्याची पद्धत रूढ केली. विलेपार्ल्यास कूपर रुग्णालयामागें तिचें ग्राहक भवन आहे. तोच विचार येथें लावावा. एका सोसायटींतील पांच-सहा बिऱ्हाडांस एसएसडी हव्या असतील, तर एकत्र चौकशी करावी, अधिकृत विक्रेत्याकडून एकाच वेळीं भाव घ्यावा, आणि भरून पाहण्याचें काम कॉलेजांत जाणाऱ्या एखाद्या मुलावर किंवा मुलीवर सोंपवावें. सुटी कारणीं लागते, आणि वडील मंडळींस हें शास्त्र शिकविण्याचा मान तरुणांस मिळतो.

एकाच कोनाड्यांत सर्व ठेवूं नये

शेवटीं एक गोष्ट खऱ्या साधनाविषयींहि सांगितली पाहिजे. कोंडलेला विजेचा भार अमर नसतो. साध्या ग्राहकांच्या एसएसडीकरितां ठरविलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांत, ती पुरी वापरून झाल्यावर वीज न देतां ३० अंश सेल्सिअसच्या उष्णतेंत एक वर्ष मजकूर टिकावा, एवढीच अपेक्षा धरलेली आहे. नवें साधन ह्याहून पुष्कळ अधिक टिकतें. तथापि ती एसएसडी लोखंडी तिजोरींत घालून दहा वर्षें विसरून जाण्याची वस्तु नव्हे, आणि आमच्या दमट किनाऱ्यावर तर नव्हेच नव्हे. म्हणून मोलाच्या ऐवजाच्या निदान दोन प्रती निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरीं, लेकीच्या सासरीं किंवा भावाच्या बिऱ्हाडीं, ठेवावी. एका घरांत पाणी शिरलें तरी दुसऱ्या घरीं आठवण कोरडी राहील. वर्षांतून दोनदां, गुढीपाडव्यास आणि दसऱ्यास, तीं साधनें जोडून आंतलें कांहीं उघडून पाहावें. दसऱ्यास आपण पाटी-पुस्तकांची पूजा करितों. कुटुंबाचें पुस्तक हल्लीं ह्या डबींत असतें, तर त्या दिवशीं तीहि पाटावर येण्यास हरकत नाहीं.

तात्पर्य, गरज मोजून घ्यावें, बिल घेऊन घ्यावें, आणि ठेव ठेवण्यापूर्वीं भरून पाहावें. पुढच्या वेळीं चिरंजीव अशी एखादी डबी घेऊन आले, तर आजीबाईंनीं एकच प्रश्न विचारावा: "भरून पाहिलीस का रे?" त्याचें उत्तर 'होय' असें येईपर्यंत मोबाइलांतील एकहि छायाचित्र पुसूं देऊं नये.